हेल्मेटमधलं पाणी

आमच्या धंद्यात एक वाक्य फार लाडकं आहे. "अरे, ते मागच्या वेळचंच असेल." मागच्या महिन्यात असाच बग आला होता, सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर गेला होता, आताही करा आणि तिकीट बंद करा. मीही अशी कितीतरी तिकिटं बंद केली आहेत. पण लुका पार्मितानोची गोष्ट वाचल्यापासून ते बटण दाबताना हात जरा अडखळतो.

त्याच्याकडे येण्याआधी थोडं मागे जाऊ. १८ मार्च १९६५ ला व्होस्खोद-२ यानातून अलेक्सेई लिओनोव बाहेर पडला. अंतराळात यानाबाहेर गेलेला पहिला माणूस! बाहेर होता जेमतेम १२ मिनिटं. परत यायच्या वेळी लक्षात आलं, की सूट फुग्यासारखा फुगलाय. बाहेर निर्वात पोकळी आणि आत हवेचा दाब, त्यामुळे सूट फुगणारच. पण इतका? बोटं हातमोज्यांतून आणि पाय बुटांतून निसटू लागले. एअरलॉकमध्ये पाय आधी घालून शिरायचं ठरलं होतं, ते काही जमेना. शेवटी खालच्या लोकांना न विचारता त्याने सूटचा व्हॉल्व्ह उघडला, थोडी थोडी हवा सोडली आणि डोकं पुढे घालून कसाबसा आत शिरला.

पुढच्या वर्षी अमेरिकेच्या जीन सर्ननची पाळी. जून १९६६, जेमिनी-९ए. आधाराला धड काही नाही, त्यामुळे एखादी वस्तू फिरवायला जावं तर आपणच उलटे फिरतो. दमून त्याच्या हेल्मेटची काच आतून धुकटली, समोरचं दिसेना, काम अर्धवट टाकून परतावं लागलं. 'हा जरा कमी पडला' असं म्हणून प्रकरण मिटवता आलं असतं. तसं झालं नाही. जागोजागी मुठी आणि पाय अडकवायचे आधार आले, पाण्याखाली सराव सुरू झाला. त्याच नोव्हेंबरात जेमिनी-१२ वर बझ ऑल्ड्रिनने तीन वेळा मिळून साडेपाच तास आरामात काम केलं.

आजही सराव पाण्याखालीच होतो. आधी शुद्ध ऑक्सिजन घेऊन शरीरातला नायट्रोजन काढून टाकतात. कारण सूटमधला दाब जमिनीवरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांशच असतो, आणि नायट्रोजन तसाच राहिला तर सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसं रक्तात होतं. बाहेर जातात ते दोघं, कायम दोराने बांधलेले. अंगाला चिकटून एक कपडा असतो, त्यातल्या बारीक नळ्यांतून गार पाणी फिरतं, नाहीतर माणूस स्वतःच्याच उष्णतेने उकडून निघेल.

आता तेच पाणी बघा काय करतं ते.

९ जुलै २०१३ ला पार्मितानोचा पहिला स्पेसवॉक झाला. आत आल्यावर हेल्मेटमध्ये पाणी सापडलं. प्यायच्या पाण्याची पिशवी गळली असेल, असं ठरलं. तिकीट बंद!

१६ जुलैला तोच सूट घालून तो पुन्हा बाहेर पडला, बरोबर ख्रिस कॅसिडी. पाऊण तासाच्या आतच म्हणाला, डोक्यामागे ओलं लागतंय. पुन्हा चर्चा पिशवीचीच. परत फिरा असा निर्णय होईपर्यंत वीसेक मिनिटं गेली. वजनरहित अवस्थेत पाणी खाली पडत नाही, कातडीला चिकटून पसरत जातं. कान झाले, डोळे झाले, मग वाटेत उलटं व्हावं लागलं तेव्हा नाकही बुडालं. त्यात सूर्य मावळला. रेडिओवरचा आवाज नीट येईना. आपल्या दोराच्या ओढीवरून अंदाज घेत तो चाचपडत एअरलॉककडे निघाला. अगदीच श्वास अडला तर व्हॉल्व्ह उघडून हवेबरोबर थोडं पाणी बाहेर सोडायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. लिओनोवनंतर ४८ वर्षांनी पुन्हा तीच युक्ती! तशी वेळ आली नाही, तो वाचला. हेल्मेटमध्ये निघालं एक ते दीड लिटर पाणी.

चौकशीत खरं कारण निघालं. पाठीवरच्या पेटीत हवेतून पाणी वेगळं करणारं एक यंत्र असतं, त्याची बारीक भोकं गाळाने बुजली होती. त्यामुळे पाणी हवेच्या वाटेने डोक्यापर्यंत पोचलं. पण मला जास्त टोचली ती अहवालातली दुसरी गोष्ट. हेल्मेटमध्ये थोडं पाणी असायचंच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. पिशवी खरंच गळते का, हे कुणी खोदून तपासलंच नव्हतं. हुशार माणसं होती हो सगळी! पण हाताशी एक सोयीचं कारण होतं.

त्यानंतर हेल्मेटमध्ये पाणी शोषणारी गादी आणि श्वासासाठी एक नळी आली. मार्च २०२२ मध्ये मथियास मौररच्या हेल्मेटमध्ये पुन्हा पाणी दिसलं, तेव्हा नासाने नेहमीचे स्पेसवॉक कित्येक महिने थांबवून शोध घेतला. आणि पार्मितानो? २०१९-२० मध्ये त्याने आणखी चार स्पेसवॉक केले.

असो. सोमवारी ऑफिसला गेल्यावर मला एक बंद केलेलं तिकीट पुन्हा उघडायचंय.