स्विचवरील वाहतूक-अग्रक्रम

स्थानिक जाळ्यातील स्विचच्या एखाद्या पोर्टवर गर्दी झाली असता कोणते पॅकेट आधी सोडायचे, कोणते थांबवायचे आणि कोणते टाकून द्यायचे हे आधीच ठरवून ठेवणारी व्यवस्था. व्यवहारात तिला ‘क्यूओएस लावणे’ म्हणतात. या व्यवस्थेने बँडविड्थ तसूभरही वाढत नाही. एकाला मिळालेली सवलत दुसऱ्याच्या खोळंब्यातून येते. त्यामुळे पुढे कोणाला काढायचे याआधी पुढे जाण्याचा कोणाचा दावा खरा मानायचा, हे ठरवावे लागते. बाकीची मांडणी या निर्णयावर उभी असते.

खुणा : ईथरनेट फ्रेमच्या ८०२.१क्यू टॅगमध्ये अग्रक्रमासाठी ३ बिट असतात. त्यांतून ० ते ७ असे ८ दर्जे मिळतात. आयपी हेडरमधील डीएससीपी ही खूण ६ बिटांची असून तिची ६४ मूल्ये संभवतात (आरएफसी २४७४, १९९८). टॅग निघाला की पहिली खूण जाते, दुसरी पॅकेटसोबत राहते. मोठा अंक म्हणजे मोठा मान, असे सरसकट नाही : टॅगमधील १ हा दर्जा ० च्याही खालचा आहे. दूरध्वनीच्या आवाजासाठी रूढ असलेले डीएससीपी ४६ द्विमान पद्धतीत १०१११० असे लिहिले जाते. त्याचे पहिले तीन बिट, १०१, म्हणजे ५. तारेच्या जाळ्यात ५ हा आवाजाचा दर्जा समजतात. वाय-फायमध्ये मात्र ५ व्हिडिओच्या रांगेत जातो, आवाजाची रांग ६ आणि ७ ची. म्हणून बिटांचे सरळ रूपांतर करणाऱ्या जाळ्यात योग्य खूण लावलेला कॉलही हवेत गेल्यावर चुकीच्या रांगेत पडतो. आरएफसी ८३२५ (२०१८) ने यासाठी वेगळी जुळणी सुचवली आहे. वर्ग किती असावेत याबद्दल एकमत नाही. आरएफसी ४५९४ (२००६) मध्ये १२ वर्ग आहेत, प्रत्यक्षात बरेच जण चार-पाचांवर भागवतात.

विश्वासाची सीमा : खूण लावतो पाठवणाराच, आणि अडचण तिथेच आहे. कोणताही संगणक स्वतःच्या पॅकेटवर ४६ लिहू शकतो. म्हणून आयपी फोनची खूण मान्य करून त्याच्यामागे जोडलेल्या संगणकाची खूण शून्यावर आणण्याचा प्रघात आहे. सिस्को कॅटॅलिस्ट ३५६० वर ‘एमएलएस क्यूओएस’ ही आज्ञा दिली आणि पोर्टवर ट्रस्ट (येणारी खूण मान्य करण्याची सूचना) लावला नाही, तर येणाऱ्या खुणा पुसल्या जातात : व्यवस्था सुरू असते, पण फोनचा दर्जा हरवलेला असतो. त्याच कंपनीच्या ९३०० मालिकेत मूळ स्थिती उलट, म्हणजे ट्रस्टची आहे. संस्थेतल्याच यंत्रांवर अविश्वास कशाला, असा आक्षेप घेतला जातो. परंतु यासाठी कोणाची लबाडी गृहीत धरावी लागत नाही. चुकीची खूण लावणारा एक बॅकअप प्रोग्रॅम १ गिगाबिटच्या अपलिंकवरील अग्रक्रमाची रांग एकटा भरू शकतो.

रांगा आणि मर्यादा : बहुतेक स्विचमध्ये प्रत्येक पोर्टला ४ किंवा ८ रांगा असतात. कडक अग्रक्रमाची रांग रिकामी होईपर्यंत इतरांना वाट मिळत नाही, म्हणून तिला कमाल मर्यादा घालणे इष्ट. जी.७११ कोडेकने २० मिलिसेकंदांची पॅकेटे पाठवल्यास आयपी स्तरावर एका दिशेने ८० किलोबिट प्रतिसेकंद लागतात. शंभर कॉल चालू असले तरी गिगाबिट दुव्याचा एक टक्काही भरत नाही. आवाजाची गरज इतकी कमी असल्यामुळेच ही सवलत परवडते. व्हिडिओलाही त्याच रांगेत बसवले की हा हिशेब कोलमडतो.

क्षमता वाढवण्याचा पर्याय : या सगळ्या खटाटोपापेक्षा दुवा मोठा करावा, हा युक्तिवाद पोकळ नाही. अमेरिकेतील इंटरनेट२ या विद्यापीठीय जाळ्याने हमीची ‘प्रीमियम’ सेवा उभारण्याचा प्रयत्न २००२ मध्ये थांबवला, आणि मुख्य वाहिन्यांपुरता तो निर्णय रास्त वाटतो. स्विचवरची गर्दी मात्र सरासरीत दिसत नाही. १० गिगाबिटवरून आलेला लोंढा १ गिगाबिटच्या पोर्टवर क्षणभर तुंबतो. १ मेगाबाइट बफर उपसायला तिथे ८ मिलिसेकंद लागतात, १०० मेगाबिटच्या पोर्टवर ८०. फाइलला हा विलंब जाणवतही नाही. आयटीयूच्या जी.११४ शिफारशीतील १५० मिलिसेकंदांची एकदिश मर्यादा पाळायच्या संभाषणाला मात्र एकाच टप्प्यावरचे ८० मिलिसेकंद जड जातात. तेव्हा अग्रक्रम हा क्षमतेला पर्याय ठरत नाही. वेग जिथे बदलतो त्या मोजक्या पोर्टांपुरताच तो उपयोगी पडतो.

कालबद्ध ईथरनेट : औद्योगिक नियंत्रणासाठी केवळ अग्रक्रमावर न विसंबता वेळापत्रकानुसार रांगा उघडण्याची पद्धत ८०२.१क्यूबीव्ही (२०१५) मध्ये आहे.