आजीची लुगड्यांची वही

घरगुती कागदपत्रं म्हटली की आपण सनदा, खरेदीखतं, पत्रव्यवहार शोधतो. माझ्याकडचा कागद त्यांच्यापुढे अगदीच साधा आहे. बेळगावातल्या शहापूरचं आमचं जुनं घर 2009 साली विकलं, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत एक लांबट वही सापडली. लाल कापडी पुठ्ठ्याची, आणि वर आजीच्या बाळबोध अक्षरात 'लुगडी' एवढंच.

पहिली नोंद शके 1860 ची, म्हणजे इसवी सन 1938-39 ची. शेवटची शके 1878 ची. प्रत्येक पानावर रेघा मारून चार रकाने: काय, कुठून आलं, केव्हा नेसलं, पुढे काय झालं.

कपड्यांची अशी मोजदाद आपल्याकडे नवी नाही. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांत जामदारखाना होताच. फारसीत 'जामा' म्हणजे वस्त्र. कोठीतली वस्त्रं सांभाळणारा तो जामदार. हे आडनाव आजही आपल्या भागात आहे. घरोघरी धोब्याची वही असे, आणि कपडे ओळखू यावेत म्हणून धोबी बिब्ब्याच्या रसानं खुणा करत. तो डाग धुतला तरी जात नाही. आजीची वही याच रीतीतली, फक्त हिशेब तिचा स्वतःचा.

पहिल्या रकान्यात आपला सगळा मुलूख भेटतो. इलकलची लुगडी, चिक्की परास काठाची, लाल रेशमी टोप-तेनी पदराची. हा पदर वेगळ्या ताण्याचा असतो आणि अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडतात. चोळीला गुळेदगुड्डचे खण. रोजच्या वापराला शहापूरच्याच मागावरची सुती लुगडी. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं आणि विणकरांचे माग आमच्या गल्लीच्या मागेच खडखडत असत.

खरी मौज चौथ्या रकान्यात. लुगडं मधे विरलं की तेवढा भाग कापून दोन्ही टोकं जोडायची, त्याला दांड घालणं म्हणतात. आजीच्या एका लुगड्याचा प्रवास असा लिहिलाय: 'दांड घातला. मग धाकट्याची झोळी. मग दोन दुपटी. उरलं ते वाकळीत.' अठरा वर्षांत एकतीस लुगडी वहीत चढली, पण एका वेळी हाताशी अकराच्या वर कधीच नव्हती. नवं घेण्याआधी ती वही बघत असे, हेही कळतं. कारण दोनदा खरेदीच्या जागी 'आहे तसं, नको' असं लिहून पुढे रेघ मारली आहे.

आता ज्या नोंदीमुळे हे लिहायला बसले तिच्याकडे येते.

माझ्या आत्याचं लग्न शके 1868 च्या वैशाखात झालं, म्हणजे 1946 साली. तिची एक तक्रार आम्ही लहानपणापासून ऐकलेली: "माझ्या दिवाळसणाला आईनं मला जुनेर दिलं. हुबळीला सासरी मान खाली घालून गेले मी." आजी गेली तरी हा सल गेला नाही.

तो काळ कापडटंचाईचा. जून 1943 मध्ये सरकारनं कापड आणि सूत नियंत्रणाचा हुकूम काढला. भाव ठरवून दिले, तरी माल मिळेना. हातमागालाही सूत लागे ते गिरण्यांचंच, त्यामुळे शहापूरचे मागही अडले. जानेवारी 1948 मध्ये नियंत्रण उठवलं, भाव भडकले, आणि त्याच वर्षी ते पुन्हा आणावं लागलं. आजीच्या वहीत शके 1865 ते 1869 या पाच वर्षांत नव्या लुगड्यांच्या नोंदी फक्त तीन. एक 'कंट्रोलचं, जाडं' आणि दोन आत्याच्या लग्नातली.

आणि पहिल्या पानावर, पहिल्याच ओळीत: 'इलकल, चिक्की परास. माहेरचं.' तिसऱ्या रकान्यात चारच सणांची नावं. चौथ्यात: 'थोरलीला दिवाळसणास दिलं. नवं मिळालं नाही.' त्या दिवाळीला आजीकडे स्वतःसाठी उरली पाच लुगडी, त्यातली तीन दांडाची. आत्या ज्याला जुनेर म्हणत होती, ते घरातलं सगळ्यात चांगलं लुगडं होतं.

वही घेऊन मी हुबळीला गेले. आत्या तेव्हा एकोणऐंशी वर्षांची होती. चष्मा पुसून तिनं ती ओळ दोनदा वाचली. म्हणाली, "मग मला सांगायचं नाही का गं?" बऱ्याच वेळानं पुन्हा म्हणाली, "ते मी बोहारणीला दिलं. स्टीलच्या डब्यावर." मी काही बोलले नाही. तिनंच वही मिटून माझ्या हातात दिली.

वहीत दिलं-घेतलं असतं, बोललेलं नसतं. घरगुती हिशेब वाचताना ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते. पण बोललेल्या आठवणीपेक्षा कधी कधी हिशेबच खरा निघतो, हेही त्या दिवशी मी पाहिलं.

बेळगावला परतल्यावर मी माझं कपाट उघडलं आणि आजीचेच चार रकाने आखले. साड्या निघाल्या त्रेसष्ट. बावीस साड्या वर्षभरात एकदाही नेसले नव्हते, आणि एकाच मोरपंखी रंगाच्या चार होत्या. प्रत्येक वेळी 'आपल्याकडे हा रंग नाही' म्हणून घेतलेल्या! चौथा रकाना जवळजवळ कोरा. आता दुकानात जाण्याआधी वही उघडते. गेल्या दोन दिवाळ्यांत नवी साडी घेतली नाही, पण नेसायला कमी पडलं असं काही झालं नाही. आणि कुणाला साडी दिली, तर ती कुठली, कुणाची, कधी नेसलेली, हे देतानाच सांगते.

तुमच्या घरी अशी लुगड्यांची, खणांची, धोब्याची किंवा आहेराची वही असेल तर रद्दीत घालण्याआधी एकदा वाचा. मंडळाकडे आणून दिलीत तर आम्ही तिचे फोटो काढून वही परत करू.