बंद भट्ट्यांच्या चवीचा माग

संभाजीनगरात मद्याची गोष्ट पाण्याशिवाय पुरी होत नाही. वाळूज-चिकलठाण्यात बिअरचे आणि दारूचे कारखाने आहेत, आणि २०१६च्या दुष्काळात मद्य कारखान्यांचं पाणी साठ टक्क्यांपर्यंत तोडण्याचा आदेश इथल्याच खंडपीठाने दिला होता. स्कॉटलंडच्या ‘लॉस्ट डिस्टिलरी कंपनी’ची वाटचाल वाचताना म्हणूनच माझी नजर आधी पाण्यावर गेली.

स्कॉट वॉटसन आणि ब्रायन वूड्स यांनी ही संस्था उभी केली. कायमच्या बंद पडलेल्या भट्ट्यांची व्हिस्की आज कशी लागली असती, हा त्यांचा प्रश्न. चाखायला जुनी बाटली नाही, बनवणारं माणूस नाही. मग त्यांनी इतिहासकाराला गाठलं. ग्लासगो विद्यापीठाचे प्राध्यापक मायकेल मॉस यांनी जॉन ह्यूम यांच्यासोबत १९८१ मध्येच स्कॉच उद्योगाचा इतिहास लिहिला होता. त्यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधकांनी जुनी दप्तरं धुंडाळली.

शोधायच्या गोष्टी दहा ठरल्या: काळ, ठिकाण, पाणी, बार्ली, यीस्ट, पीट (जळणाला वापरायची दलदलीतली माती), धान्य भिजवायचं पिंप, आंबवायचं पिंप, तांब्याची भट्टी आणि मुरवायच्या पिंपाचं लाकूड. पाणी कोणत्या झऱ्याचं होतं, बार्ली वाळवताना पीटचा धूर किती दिला जाई, भट्टी बुटकी होती की उंच, यातलं एकेक कळलं की चवीचा अंदाज बांधता येतो. उंच भट्टीतून हलकं मद्य येतं, बुटकीतून जड आणि तेलकट. फाइफमधली स्ट्रॅथेडन १८२९ मध्ये सुरू झाली आणि अमेरिकेच्या दारूबंदीने बाजार बसल्यावर १९२६ मध्ये थांबली. तिची चव अशीच तुकड्यातुकड्यांनी जुळवली गेली.

ही कंपनी स्वतः मद्य गाळत नाही. आज चालू असलेल्या भट्ट्यांचे माल्ट निवडून, मिसळून ती त्या चवीजवळ जाते, आणि बाटलीतलं पेय म्हणजे आपण लावलेला अर्थ आहे, हुबेहूब नक्कल नव्हे, हे उघड सांगते. या प्रामाणिकपणामुळेच मला या कामावर विश्वास ठेवावासा वाटतो.

काही भट्ट्यांचं नशीब बरं. १९८३ मध्ये बंद पडलेली ब्रोरा तिथलीच जुनी तांब्याची पात्रं दुरुस्त करून २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. रोझबँकची तांब्याची पात्रं चोरीला गेली होती. मूळ आराखड्यांवरून नवी घडवून तिथे २०२३ मध्ये पुन्हा मद्य गाळलं गेलं. १९११ मध्ये मिटलेल्या पर्थशरमधल्या ऑखनागीला मात्र दप्तरांखेरीज दुसरा आधार नव्हता.