शाईची रेघ आणि ध्यान

जुन्नरची लेणी म्हटली की आपण शिलालेख, दानं देणारे उपासक आणि सातवाहन राजे यांच्यावर बोलतो. ते बोललंच पाहिजे. पण मला आज एका लहान गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे. ती गोष्ट म्हणजे रेघ.

तुळजा लेण्यातला चैत्य गोल आहे. मध्ये स्तूप आणि भोवती बारा खांबांचं कडं. शिवनेरीच्या एका लेण्यात छतावर रंगकाम उरलं आहे : चौकोनात वर्तुळ, वर्तुळात पुन्हा वर्तुळ. इथल्या जुन्या लेण्यांत बुद्धमूर्ती नाही. स्तूप, चक्र, वेदिकेची नक्षी एवढ्यावरच भिक्खूंचं भागत होतं. साध्या आकृतीवरही मन ठरतं, हे त्या लोकांना कळलेलं होतं असं माझं मत आहे.

आता कागद. जुन्नरी कागद एके काळी नावाजलेला होता. इथले मुसलमान कागदी चिंध्या आणि जुनी गोणपाटं कुटून, लगदा करून, साच्यावर ताव उचलत. मग खळ लावून तो दगडाने घोटत, म्हणजे बोरू अडखळत नसे. पेशवाईत यातली काही घराणी पुण्याला नेली, तोच कसब्यातला कागदीपुरा. अशा कागदांवर वतनाचे हिशेब लिहिले गेले. आमच्या बापजाद्यांची वेठ त्यात आली, पण बोरू त्यांच्या हातात कधी आला नाही. महारवतन कायद्याने गेलं १९५८ च्या सुमारास. शाई आपल्या घरात उशिरा आली आणि आली ती अर्ज, निवेदनं, पत्रकं लिहायला. मीही तेच लिहीत आलो. शाईचा आणखी एक उपयोग आहे हे फार उशिरा वाचनात आलं.

भारतातून गेलेल्या भिक्खूंची ध्यानाची परंपरा चीनमध्ये चान झाली आणि जपानमध्ये झेन. मूळ शब्द आपलाच, पालीतला झान. तिथल्या भिक्खूंनी काजळी आणि सरसाची वडी दगडावर पाण्यात उगाळून चित्रं काढली. उगाळता उगाळताच मन निवतं. त्यांचा कागद शाई शोषून घेणारा, म्हणून कुंचला थांबला की डाग पसरतो. हात डगमगला तर ते तसंच दिसतं, खोडायची सोय नाही. गिरणीत तुटलेला धागा सांधता येतो, इथे ते नाही. एका श्वासात काढलेलं वर्तुळ ही त्यांची प्रसिद्ध आकृती. हाकुइन नावाच्या भिक्खूने (१६८६-१७६९) बरीचशी चित्रं साठीनंतर काढली. तुळजाच्या गोलातून जपानचा गोल निघाला असं मी म्हणत नाही. पण दोन्हीकडे माणूस एकाच शिकवणुकीपाशी बसलेला आहे.

आपल्याकडे वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) हे नाव घ्यावं लागतं. नागपुरात जन्म, मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये शिक्षण, झेनचा मोठा ओढा. वर्षाकाठी मोजकीच चित्रं काढत. बाकी वेळ बसून राहणं, हेही काम मानत. १९८४ च्या अपघातानंतर मोठा कॅनव्हास झेपेना, तेव्हा त्यांनी लहान कागदांवर शाईने रेखाटनं केली. न वाचता येणाऱ्या लिपीसारख्या त्या खुणा आहेत. लेण्यातली ब्राह्मी न वाचता येणारा माणूस तिच्याकडे बघतो, तसं वाटतं.

जुन्नर-आंबेगावच्या आपल्या वस्त्यांत चित्रकलेचा तास म्हणजे परीक्षेपुरता, आणि मुलाने रेघोट्या ओढल्या की आई म्हणते, "कागद फुकट घालवू नकोस." विहारात वंदनेनंतर दहा मिनिटं आनापान करून मुलांसमोर कागद, बोरू आणि शाईची दौत ठेवा. काय काढायचं ते आधी सांगू नका. श्वास सोडताना एक रेघ, पुन्हा घेताना हात वर. मोठ्यांनीही बसावं. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या रेघा थरथरतात. त्या फाडू नका, तारीख घालून ठेवा.