पोस्टरवर न सापडलेल्या कादंबऱ्या

आवडत्या कादंबरीवर सिनेमा येतोय अशी बातमी आली की पहिल्यांदा आनंद होतो आणि लगेच धाकधूक सुरू होते. नायक कोण? आपल्या डोक्यातल्या चेहऱ्याशी तो जुळेल का? तो एक प्रसंग ठेवतील की उडवतील? मग ट्रेलर येतो आणि आपण तो थांबवून थांबवून, एकेक चौकट मोठी करून बघतो.

फार लांबचं उदाहरण नको. शिवाजी सावंतांची 'छावा' कादंबरी १९७९ची. तिच्यावरचा हिंदी चित्रपट आला फेब्रुवारी २०२५मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. ट्रेलरमध्ये संभाजीराजे लेझीम खेळताना दिसले, तेवढ्यावरून आक्षेप घेतले गेले आणि तो भाग प्रदर्शनाआधीच काढावा लागला. सिनेमा कुणी बघितलेला नव्हता, पण तो कसा असायला हवा हे आधीच ठरलेलं होतं. पुस्तक मनात इतकी वर्षं राहिलं की माणूस त्याच्यावर घरच्यासारखा हक्क सांगतो.

सातारा-सांगलीच्या मुलखात हा हक्क आणि ही वाट बघणं फार जुनं आहे. सिनेमाचा शोध लागण्याच्याही आधीपासूनचं.

अललल डुर्र!

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं. आदल्या वर्षी कर्नाटकातून एक भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली होती. तो प्रकार बघून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना मराठीत असं काही करायला सांगितलं. आजही ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो, तो त्या प्रयोगाच्या आठवणीत.

यातली गंमत अशी की गोष्ट प्रत्येकाला पाठ होती. धनुष्य कोण मोडणार, सीता कुणाला माळ घालणार, यात कसलंच रहस्य नव्हतं. कीर्तनात, पोथीत, आजीच्या तोंडून ती शंभरदा ऐकलेली होती. तरीही माणसं आली, कारण ऐकलेला रावण आज चालताना दिसणार होता. त्या नाटकांतले राक्षस 'अललल डुर्र' अशी आरोळी ठोकत यायचे. सूत्रधार पदं गायचा आणि पात्रं आपापली भाषणं ऐनवेळी रचून बोलायची. आज आपण जिला फँटसी म्हणतो, ती कानातून डोळ्यांत आणण्याचा मराठीतला हा पहिला मोठा खटाटोप.

पुढे बोलपट आला तेव्हा सांगलीत जन्मलेला एक लेखक सुरुवातीच्याच काळात पडद्यापर्यंत पोचला. वि. स. खांडेकरांनी मास्टर विनायकांच्या 'छाया'ची कथा लिहिली, तो चित्रपट १९३६चा. पण खांडेकरांनी सिनेमाला दिल्या त्या सामाजिक कथा. बापाने मुलाचं तारुण्य मागून घेण्याची अद्भुत गोष्ट त्यांनी पुढे कादंबरीसाठी ठेवली आणि १९५९ची 'ययाति' घराघरांतल्या कपाटात जाऊन बसली.

त्याच १९५९मध्ये आणखी एक कादंबरी आली. तिचा लेखक सिनेमाचं वेड घेऊनच वाढला होता.

पाट्या वाचणारा मुलगा

अण्णाभाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२०चा, वाटेगावचा. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. १९४९मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६०मध्ये त्याचं नाव सांगली झालं. मांग समाजात जन्मलेल्या या मुलाची शाळा दीड दिवसाची, असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगतात. वडिलांबरोबर कुटुंब पायी चालत मुंबईला गेलं. तिथे त्यांनी पडेल ते काम केलं, गिरणीत राबले. अक्षरं शिकले ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टर्स वाचून, असं त्यांच्या चरित्रांत येतं.

ही पोस्टरची गोष्ट लक्षात ठेवा. ती पुन्हा लागणार आहे.

या माणसाने पुढे पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. त्यातली सगळ्यात गाजलेली 'फकिरा'. तिला १९६१मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ती त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे.

'फकिरा' तुम्ही वाचली नसेल तर सुरुवातच बघा. एका गावाकडे जोगणी आहे. ती ज्या गावात असेल, त्या गावाची भरभराट होते. दुसऱ्या गावाला ती हवी असेल तर कुणीतरी मर्दाने जाऊन ती पळवून आणायची. राणोजी शिगावची जोगणी वाटेगावसाठी आणतो आणि त्यात जीव गमावतो. त्याचा मुलगा फकिरा. गबऱ्या नावाचा घोडा, इंग्रजांचा अंमल, दुष्काळ, भुकेने मरणारी वस्ती, धान्याची लूट, खजिन्यावरचा हल्ला. परदेशी फँटसी मालिकांत आपण जे शोधतो, म्हणजे मंतरलेली वस्तू, सीमेवरचा पाठलाग, बापाचा वारसा घेऊन निघालेला पोरगा, ते सगळं वारणेच्या काठावर आधीच होतं. फरक एवढाच की फकिरा हा खरा माणूस होता आणि अण्णाभाऊंच्या नात्यातला होता.

सात सिनेमे, तीन नावं

अण्णाभाऊंच्या कादंबऱ्यांवर सात मराठी चित्रपट निघाले. मराठीत फार थोड्या कादंबरीकारांच्या वाट्याला एवढं आलं आहे. त्या सातांची नावं एकाखाली एक लिहून बघितली की एक गोष्ट डोळ्यांत भरते.

'वैजयंता' १९६१मध्ये त्याच नावाने पडद्यावर आली. 'वारणेचा वाघ' १९७०मध्ये त्याच नावाने आला. 'फकिरा'ही 'फकिरा'च राहिला. उरलेल्या चारांचं काय झालं? 'आवडी'चा झाला 'टिळा लावते मी रक्ताचा'. 'माकडीचा माळ'चा 'डोंगरची मैना'. 'चिखलातील कमळ'चा 'मुरळी मल्हारीरायाची'. हे तिन्ही १९६९चे. आणि 'अलगूज'चा १९७४मध्ये झाला 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा'.

म्हणजे एखादा वाचक 'माकडीचा माळ' पडद्यावर बघायची वाट बघत असता, तर पोस्टरसमोर उभा राहूनही त्याला ती दिसली नसती.

असं का झालं असावं? काळ बघितला की अंदाज येतो. १९५९मध्ये अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला आणि पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये १३१ आठवडे चालला. फड, ढोलकी, लावणी आणि गावच्या पाटलाचा अन्याय यांना पैसा आहे, हे निर्मात्यांना कळलं. 'वैजयंता'ची नायिका तमाशातली. गजानन जागीरदारांनी तो चित्रपट केला, नायिका जयश्री गडकर. ती कादंबरी त्या लाटेवर सहज बसणारी होती, म्हणून नाव बदलायची गरज पडली नसावी.

'माकडीचा माळ' मात्र भटक्या जमातींच्या पालांवरची कादंबरी. नावातच उजाड माळ आहे. 'डोंगरची मैना' म्हटलं की डोळ्यांपुढे हिरवळ आणि गाणं येतं. 'मैना' हा शब्द अण्णाभाऊंच्याच छक्कडीने संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत गावोगाव नेलेला होता. 'चिखलातील कमळ' मुरळी सोडण्याच्या प्रथेवर आहे. मूळ नावात चिखल आहे, म्हणजे त्या मुलीला जिथे ढकललं त्याबद्दलचा राग आहे. 'मुरळी मल्हारीरायाची' वाचलं की देवाचा भंडारा उधळल्यासारखं वाटतं. आत काय दाखवलं हा वेगळा विषय, पण नावाने पाहुण्याला घरात घेतानाच सूर बदललेला होता.

एवढ्यावरून निर्मात्यांना शिव्या घालणं सोपं आहे. पण दुसरी बाजूही बघायला हवी. १९६१च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे जेमतेम तिघांना लिहिता-वाचता येत होतं. ज्यांच्याबद्दल अण्णाभाऊ लिहीत होते, त्यांच्यात तर हा आकडा आणखी खाली. त्या माणसांपर्यंत कादंबरी कागदावरून पोचणारच नव्हती. पोचणार होती ती तालुक्याच्या थिएटरात नाहीतर जत्रेतल्या तंबूत, मातीवर बसून. अण्णाभाऊंना हे कुणी सांगायची गरज नव्हती. लाल बावटा कलापथकात अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर त्यांनी हेच केलं होतं. छापलेलं जिथे जात नाही, तिथे गाऊन आणि नाचून न्यायचं.

तेव्हा सौदा असा होता: गोष्ट लोकांपर्यंत जाईल, पण कदाचित दुसऱ्याच नावाने.

त्या सौद्यातून लेखकाच्या हातात काय पडलं, हे बघताना १९६९ हे साल टोचतं. त्या एका वर्षाच्या नावावर त्यांच्या कादंबऱ्यांवरचे तीन चित्रपट आहेत. त्याच वर्षी १८ जुलैला गोरेगावच्या सिद्धार्थनगरात अण्णाभाऊ गेले, वयाच्या ४९व्या वर्षी. त्याआधीचं त्यांचं बरंचसं आयुष्य घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत गेलं होतं. शेवटपर्यंत गरिबी सुटली नाही.

सगळ्यांचं गाव

नंतरच्या काळात या मुलखाकडे कॅमेरे आले, आणि भरपूर आले. वाईजवळच्या मेणवलीचा घाट 'स्वदेस'मध्ये चरणपूरचा घाट झाला. 'दबंग'मधलं लालगंज वाईत उभं राहिलं. उत्तर प्रदेशचं गाव हवं, चला वाईला. कृष्णेने कितीतरी सिनेमांत गंगेचं काम केलं आहे.

यात वाईट काही नाही. गावाला रोजगार मिळतो, हॉटेलं चालतात. पण साताऱ्याने इतक्यांची गावं साकारली, तर सातारा-सांगलीच्या स्वतःच्या पुस्तकांतल्या गावांचं काय? त्याचं एक चांगलं उत्तर मिळालं, उशिरा का होईना. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ची. आटपाडीकडच्या माणदेशाची, तेव्हाच्या औंध संस्थानातली. चार दगडी घरं, मेंढरं, एक पोरसवदा मास्तर आणि न येणारा पाऊस. अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला १९९५मध्ये. चाळीस वर्षं लागली. पण नाव तेच राहिलं, दुष्काळ तोच राहिला आणि पटकथेला खुद्द माडगूळकरांचा हात लागला. पोस्टरसमोर उभ्या राहिलेल्या वाचकाला आपलं पुस्तक ओळखू आलं. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला.

अद्भुताच्या वाचकांना मात्र अजून कोडंच पडतं. नारायण धारपांच्या भयकथा वाचत वाढलेल्या पिढ्या त्यांच्या कादंबऱ्या मोठ्या पडद्यावर यायची वाट बघत आहेत. २०१८चा 'तुंबाड' हा त्यातल्या त्यात जवळचा. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलं आहे की १९९३मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना धारपांची 'आजी' ही कथा सांगितली आणि तिथून हे बीज पडलं. म्हणजे वाचलेली नव्हे, ऐकलेली धारप-कथा. चित्रपटाचं नाव आलं श्री. ना. पेंडशांच्या कोकणातल्या 'तुंबाडचे खोत'वरून, हस्तर आणि त्याचं सोनं तर नवीनच. २०२४मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. धारपांचा चाहता तो बघतो, खूश होतो आणि घरी येऊन म्हणतो, 'पण आपलं पुस्तक कुठे आहे?'

नाव शोधा

वाट बघणाऱ्या वाचकाला सिनेमाकडून नेमकं काय हवं असतं? माझ्या मते हुबेहूब प्रसंग ही त्यातली छोटी गोष्ट. १८४३च्या प्रेक्षकांपुढे पात्रं ऐनवेळी भाषणं रचत होती, तरी लोकांनी सीतास्वयंवर ओळखलं, कारण ते 'सीतास्वयंवर'च म्हणून समोर आलं होतं. आपल्या मनातल्या गोष्टीला तिच्या नावाने हाक मारलेली ऐकायची असते. 'माकडीचा माळ' असं पडद्यावर लिहून आलं असतं, तर तो माळ आणि त्याच्यावर पालं ठोकणारी माणसं बघण्याजोगी आहेत, हेही त्यासोबत लिहून आलं असतं.

आज गबऱ्यासारखा घोडा संगणकावर उडवता येतो, जोगणीचा पाठलाग पाच मिनिटं श्वास रोखून दाखवता येतो. 'फकिरा' आजच्या ताकदीने पुन्हा पडद्यावर यावा असं वाटणारे या मुलखात कमी नाहीत, मीही त्यांच्यातलाच. तो येईल तेव्हा कोण कुठला नट घेतला यावर आपण भांडूच. पण आधी दोन गोष्टी बघू. जोगणी ठेवली आहे का, आणि लेखकाचं नाव किती मोठ्या अक्षरांत आहे.

तोपर्यंत एक करता येईल. 'डोंगरची मैना' किंवा 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा' हे नाव कुठे समोर आलं, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, तंबूत बघितला होता का. आणि त्यांना सांगा की ती गोष्ट कुठल्या पुस्तकातली होती. पोस्टरवर अक्षरं जुळवत वाचायला शिकलेल्या माणसाची ती पुस्तकं होती. ती त्याच्या नावाने आणि त्यांच्या खऱ्या नावाने ओळखली जावीत, एवढं आपल्या हातात आहे.