उलटा वर्ग : वेस्ट पॉइंटपासून परितेवाडीपर्यंत

शिकवण्याच्या क्रमाविषयी आपण सहसा विचार करीत नाही. शिक्षक वर्गात येतात, धडा समजावून सांगतात, फळ्यावर आकृती काढतात. तास संपतो आणि विद्यार्थी गृहपाठ घेऊन घरी जातो. आता जरा बारकाईने पाहा. ऐकून घेण्याचे तुलनेने सोपे काम शिक्षक समोर असताना होते. ऐकलेले वापरून पाहण्याचे अवघड काम मात्र विद्यार्थ्याला एकट्याने करावे लागते. नेमका जिथे तो अडतो, तिथे विचारायला कोणी नसते.

हा क्रम उलटा केला तर? विषयाची पहिली ओळख घरी आणि त्याचा वापर, चर्चा, प्रयोग वर्गात. यालाच आज ‘फ्लिप्ड क्लासरूम’ म्हणतात. आपण त्याला ‘उलटा वर्ग’ म्हणू. ही संगणकयुगाची देणगी आहे असा समज सर्वत्र आढळतो. इतिहास पाहिला तर तो टिकत नाही.

फळ्यासमोरचे छात्र

अमेरिकेतील वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत सिल्व्हेनस थेअर १८१७ ते १८३३ या काळात अधीक्षक होते. त्यांनी घालून दिलेली पद्धत सरळ होती. छात्राने धडा आधी स्वतः वाचून यायचे. वर्गाच्या लहान लहान तुकड्या असत. छात्राला फळ्यापाशी उभे करून उदाहरण सोडवायला आणि ते समजावून सांगायला लावले जाई. शिक्षकाचे मुख्य काम व्याख्यान देण्याचे नव्हते, तर छात्राचा विचार कुठे घसरतो ते पकडण्याचे होते. साधने कोणती? छापील पुस्तक आणि फळा.

‘उलटा वर्ग’ ही कल्पना त्या नावाने पुढे आली ती २००० साली. ओहायो राज्यातील मायामी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या लाज, प्लॅट आणि ट्रेग्लिया या तिघांनी आपल्या प्रयोगावर निबंध लिहिला. नंतर २००७ मध्ये कोलोरॅडोतील वुडलँड पार्क येथील जोनाथन बर्गमन आणि एरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शालेय शिक्षकांनी आपले पाठ ध्वनिचित्रित करायला सुरुवात केली. खेळांच्या सामन्यांमुळे आणि लांबच्या प्रवासामुळे मुलांचे तास बुडत, त्यावरचा हा उपाय होता. थोड्याच काळात त्यांच्या लक्षात आले की पाठ आधीच पाहून होत असेल तर वर्गातला सगळा वेळ मोकळा होतो. पद्धतीचे नाव जगभर गेले ते यानंतर.

हार्वर्डमधील एक चाचणी

या दोन घटनांच्या आधी भौतिकशास्त्रात एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. हार्वर्ड विद्यापीठातील एरिक मॅझूर यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत आणि परीक्षेत गुणही चांगले पडत. हालून आणि हेस्टेनेस यांनी १९८५ साली एक संशोधन प्रसिद्ध केले होते. न्यूटनचे नियम शिकूनही विद्यार्थ्यांच्या मनातील जुन्या कल्पना तशाच राहतात, असे त्यात दाखवले होते. मॅझूर यांनी आपल्या विद्यार्थ्यांना तशी चाचणी दिली. प्रश्न साधे, आकडेमोड नसलेले होते. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की उत्तरे तुम्ही शिकवले त्याप्रमाणे द्यायची, की मला खरोखर वाटते त्याप्रमाणे? शिकवलेले आणि पटलेले यांत केवढी दरी राहू शकते, हे या एका प्रश्नातून उघड झाले.

१९९१ पासून मॅझूर यांनी पद्धत बदलली. विद्यार्थ्यांनी पुस्तक आधी वाचायचे. वर्गात एक संकल्पनात्मक प्रश्न मांडायचा. प्रत्येकाने मनाशी उत्तर ठरवून मत द्यायचे, मग शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्यायचे आणि पुन्हा मत द्यायचे. पुढे १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी अमेरिकेतील ६२ अभ्यासक्रमांमधील ६,५४२ विद्यार्थ्यांची आकडेवारी प्रसिद्ध केली. सुरुवातीच्या चाचणीनंतर जेवढी सुधारणा शक्य होती, तिच्यापैकी केवळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी २३ टक्के झाली. विद्यार्थी सतत बोलत, करत आणि लगेच उत्तर मिळवत होते अशा वर्गांत ती ४८ टक्के झाली. म्हणजे गुण आहे तो वर्गात होणाऱ्या कामाचा. घरी पाहिलेली चित्रफीत ही त्या कामासाठी वेळ मोकळा करते, एवढेच.

आपल्या शेजारचा उपग्रह-प्रयोग

आपल्याकडेही याला जवळचा एक मोठा प्रयोग झाला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ प्रकल्पातून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोहोचली. त्यातील कर्नाटकाचे क्षेत्र विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर या जिल्ह्यांत होते. विजापूर आणि गुलबर्गा हे तर सोलापूरला लागूनच. याच प्रकल्पात सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण सुट्ट्यांमध्ये दिले गेले. पडद्यावरचे कार्यक्रम, छापील साहित्य आणि केंद्रावर प्रत्यक्ष करायचे प्रयोग अशी त्याची जोडणी होती. सांगण्याचे काम दुरून आणि करण्याचे काम समोरासमोर, ही विभागणी तेव्हाच झाली होती.

परितेवाडीची पुस्तके

सोलापूर जिल्ह्यात हा धागा पुढे आला तो माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत. तेथे रणजितसिंह डिसले हे २००९ मध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवले. हा चौकोनी ठिपक्यांचा कोड १९९४ मध्ये जपानमधील डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला होता. डिसले यांनी त्याला कविता, पाठ आणि स्वाध्याय जोडले. घरातल्या मोबाइलवर मूल तेच पुन्हा ऐकू व पाहू शकत होते. २०१७ मध्ये राज्य शासनाने पहिली ते बारावीच्या पुस्तकांवर असे कोड देण्याचे जाहीर केले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना दहा लाख डॉलर्सचे ‘ग्लोबल टीचर’ पारितोषिक जाहीर झाले आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली.

उलट्या वर्गाचा पूर्वार्ध असा तयार झाला. उत्तरार्ध मात्र पुस्तकावर छापता येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत हे आपण सर्वांनीच पाहिले. चित्रफिती घरोघरी पोहोचल्या, पण वर्ग नव्हता.

शिक्षक घडतो तिथे

म्हणूनच खरा प्रश्न अध्यापक विद्यालयांचा आणि बी.एड. महाविद्यालयांचा आहे. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. वेळ वाढला, पण तो कशाने भरायचा? कृतियुक्त अध्ययनाची वैशिष्ट्ये छात्राध्यापक जर वहीत उतरवूनच घेत असतील, तर उद्या ते आपल्या वर्गातही वैशिष्ट्येच उतरवून देतील. माणूस सांगितलेल्या पद्धतीने शिकवत नाही. तो ज्या पद्धतीने शिकला, त्या पद्धतीने शिकवतो.

एक पाठ घेऊन पाहू. विषय ऋतूंचा. छात्राध्यापकांनी घरी पुस्तकातील दोन पाने वाचून यायची आणि एक मीटर उंचीच्या काठीची दुपारची सर्वांत लहान सावली मोजून आणायची. सोलापूरचा सूर्य भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २६ मिनिटे मागे असल्यामुळे ही सावली घड्याळातील बाराला न मिळता साधारण साडेबाराच्या सुमारास मिळते. शोधायला लावावी अशीच ही गोष्ट आहे.

वर्गात एकच प्रश्न मांडायचा : उन्हाळा कशामुळे होतो? पदवीधरांमध्येही ‘पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून’ असे म्हणणारे निघतात. मते घ्यावीत, पण बरोबर-चूक सांगू नये. मग एक माहिती द्यावी. पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. सर्वांत दूर असते जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. आता शेजाऱ्याशी वाद होऊ द्यावा. नंतर सावल्या फळ्यावर मांडाव्यात. सोलापुरात २२ डिसेंबरला त्या काठीची सावली सुमारे ८७ सेंटिमीटर पडते, तर १० मेच्या सुमारास ती नाहीशी होते. कारण कोनात आहे, हे वर्ग स्वतःच म्हणू लागतो. इथे दुसरा प्रश्न टाकावा. सूर्य ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा डोक्यावर येतो, मग ऑगस्ट मेइतका का तापत नाही? ढग, ओली जमीन आणि मान्सून यांच्यापर्यंत चर्चा आपोआप जाते. हे सारे व्याख्यानात दहा मिनिटांत सांगता येईल, आणि तितक्याच लवकर विसरलेही जाईल.

घर म्हणजे काय?

या पद्धतीची एक अडचण टाळून चालणार नाही. ‘घरी पाहून या’ म्हणताना आपण घरी निवांत कोपरा, वीज, मोबाइल आणि वेळ आहे असे गृहीत धरतो. सोलापूर हे यंत्रमागाचे आणि विडी वळणाऱ्या स्त्रियांचे शहर आहे. अनेक घरांत घर हीच कामाची जागा असते. घरात एकच मोबाइल असेल तर तो कोणाच्या हातात असतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. शिवाय घरची भाषा तेलुगू, कन्नड किंवा उर्दू असू शकते. अशा ठिकाणी पूर्वतयारी केवळ पडद्यावर टाकली, तर उलटा वर्ग मागे असलेल्यांना आणखी मागे ढकलेल.

यावर उपाय जुनाच आहे. वेस्ट पॉइंटला पडदा नव्हता. छापलेले एक पान, मोजायची एक सावली, आजीला विचारायचा एक प्रश्न ही पूर्वतयारीच होय. ती ग्रंथालयात किंवा तासाच्या पहिल्या पंधरा मिनिटांतही होऊ शकते. जे तयारी न करता येतील त्यांच्यासाठी सगळा पाठ पुन्हा सांगू नये, नाहीतर तयारी करून आलेला विद्यार्थी पुढच्या वेळी तयारी करणार नाही. त्यांना पान वाचायला द्यावे आणि मग गटात घ्यावे.

सत्रातला एकच घटक निवडून हे करून पाहावे, असे आम्ही सुचवू. आधी पाच संकल्पनात्मक प्रश्नांची चाचणी घ्यावी, महिन्याभराने तीच पुन्हा घ्यावी आणि फरक आपल्याच वहीत मांडावा. छात्राध्यापकांनाही तो दाखवावा. पद्धतीवर विश्वास ठेवण्यापेक्षा ती मोजून पाहण्याची सवय त्यांना लागली, तर ती त्यांच्याबरोबर शाळेत जाईल.