प्रणव धनावडेनं ज्याचा ११६ वर्षांचा रेकॉर्ड मोडला, तो कॉलिन्स नक्की कोण होता?

जानेवारी २०१६. कल्याणच्या १५ वर्षांच्या प्रणव धनावडेनं शालेय मॅचमध्ये नाबाद १००९ रन्स ठोकले आणि सगळीकडे एक जुनं नाव झळकलं, ए. ई. जे. कॉलिन्स.

आर्थर एडवर्ड ज्यून कॉलिन्स हा गडी जन्मला भारतातच, १८८५ साली हजारीबागला. वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये जज. ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात शिकायला गेला तोवर त्याचे आईवडील दोघंही वारले होते.

जून १८९९ मध्ये तिथं दोन ज्युनियर टीम्सची मॅच लागली. क्लार्क्स हाऊस विरुद्ध नॉर्थ टाऊन. १३ वर्षांचा कॉलिन्स ओपनिंगला आला आणि चार दिवस रोज दुपारी येऊन बॅटिंगच करत राहिला. एकूण ६ तास ५० मिनिटं, नाबाद ६२८. दुसऱ्या दिवशी तो पाचशेपार गेल्याची बातमी पसरली तशी बघ्यांची गर्दी वाढली. टीमचा स्कोअर होता ८३६. शेवटच्या विकेटला १८३ रन्स झाले, त्यात पार्टनर रेडफर्नचे फक्त १३!

आता मोठी माणसं म्हणतील, पोरांची मॅच, त्यात कॅच सुटलेले. खरंय, त्याला बरीच जीवदानं मिळाली. पण ग्राउंड विचित्र होतं. एका बाजूची बाउंड्री अगदी जवळ, म्हणून तिथं मारलं की दोनच रन्स. उताराच्या बाजूला बाउंड्रीच नाही, सगळे रन्स पळून काढायचे. म्हणूनच त्याच्या खेळीत १४६ वेळा दोन रन्स आणि चौकार फक्त ३१ दिसतात. वर या पठ्ठ्यानं ११ विकेट्सही घेतल्या. टीम एक डाव आणि ६८८ रन्सनी जिंकली.

पुढं तो मोठा क्रिकेटर झाला का? नाही. फर्स्ट क्लास मॅच तो एकही खेळला नाही. रॉयल इंजिनियर्समध्ये अधिकारी झाला, १९१३ मध्ये आर्मीच्या मॅचमध्ये लॉर्ड्सवर ५८ आणि ३६ केले, एवढंच.

१९१४ च्या वसंतात त्याचं लग्न झालं. काही महिन्यांत महायुद्ध पेटलं आणि ११ नोव्हेंबरला बेल्जियममधल्या ईप्रच्या पहिल्या लढाईत कॅप्टन कॉलिन्स मारला गेला. वय २९. तिथल्या मेनिन गेटवर त्याचं नाव कोरलंय. क्लिफ्टनचं ते ग्राउंड आजही 'कॉलिन्सेस पीस' म्हणून ओळखलं जातं.